स्वाक्षरांकित छायाचित्रे, जुन्या चित्रपट कलावंतांची

जुन्या काळातील नट-नट्यांनी सही केलेली त्यांची छायाचित्रे जमविण्याचा छंद. ‘जुना काळ’ म्हणजे साधारणपणे मूकपटांच्या भरभराटीपासून 1960 च्या सुमारास हॉलिवुडची स्टुडिओ पद्धती (मोठ्या चित्रपटसंस्थांनी कलावंतांना कराराने बांधून ठेवण्याची रीत) मोडकळीस येईपर्यंतचा काळ, असे संग्राहक मानतात.

या छंदाच्या उगमाविषयी मतभेद आहेत. सोळाव्या शतकात व्हिटेनबर्ग व इतर जर्मन विद्यापीठांतील विद्यार्थी गुरुजनांच्या व स्नेह्यांच्या हस्ताक्षरांसाठी वही बाळगीत. तिच्याशी काही जण त्याचे नाते जोडतात, पण सही जमविणे एवढाच त्यांतील समान धागा आहे. दुसरे मत अधिक जवळचे आहे. 1854 मध्ये पॅरिसच्या दिस्देरी या छायाचित्रकाराने एकाच काचेवर अनेक लहान प्रतिमा घेण्याच्या पद्धतीचे पेटंट घेतले. छायाचित्र त्यामुळे स्वस्त झाले आणि 1860 नंतर नामवंतांच्या छबींचे आल्बम घरोघरी दिसू लागले. रंगभूमीवरील तारकांची, उदा. सारा बर्नहार्टची, सही केलेली छायाचित्रे याच परंपरेतील. तिसरे मत चित्रपटाच्या धंद्याकडे पाहते. 1910 च्या आधी अमेरिकेतील निर्माते बहुधा कलावंतांची नावे जाहीर करीत नसत. त्या वर्षी निर्माते कार्ल लेम्ली यांनी फ्लॉरेन्स लॉरेन्स या नटीची नावानिशी जाहिरात केली. ती पहिलीच अशी जाहिरात होती, हा जुना समज आता जसाच्या तसा मानला जात नाही. तथापि 1911 मध्ये ‘फोटोप्ले’सारखी मासिके निघाली आणि चाहत्यांची पत्रे वाढत गेली, हे खरे. ज्याचे नावच ठाऊक नाही त्याची सही कोण मागणार? म्हणून रूप रंगभूमीकडून आले आणि प्रसार स्टुडिओंनी केला, असे मानणे सयुक्तिक वाटते.

स्टुडिओच्या छायाचित्राचा रूढ आकार 8 × 10 इंच. जॉर्ज हरेल, क्लॅरन्स सिंक्लेअर बुल यांसारख्या हॉलिवुडच्या छायाचित्रकारांनी काढलेल्या छबी सहीविनाही मोलाच्या ठरतात. चाहत्यांच्या पत्रांना उत्तरे देणारा स्वतंत्र विभाग स्टुडिओत असे. फोटोसाठी 25 सेंट पाठविण्याचा प्रघात होता. पत्रांचा ओघ कलावंताला आवरणे अशक्य असल्याने सही पुष्कळदा चिटणीस, नातेवाईक किंवा रबरी शिक्का करी. जीन हार्लो (1911–37) हिचे उदाहरण प्रसिद्ध आहे. तिच्या नावाच्या अनेक सह्या तिच्या आईच्या हातच्या आहेत. तिची अस्सल सही ओळखण्यासाठी करारपत्रे आणि धनादेश यांवरील सह्या ताडून पाहाव्या लागतात. अशा परहस्त सह्यांना बाजारात मोल कमी. पण चाहत्याच्या पत्राला त्या काळी खरोखर मिळालेले ते उत्तर आहे. त्यांना बनावट म्हणून टाकून देणे अन्यायाचे होईल.

तपासणीत भिंग व तिरपा प्रकाश उपयोगी पडतो. अस्सल शाई कागदाच्या चकाकीवर वेगळी उठून दिसते, टाकाच्या दाबाने बारीक चर पडतो आणि रेषा जेथे एकमेकींना छेदतात तेथे शाई दाटते. छापील सही मात्र प्रतिमेच्या आतच असते; प्रकाश कसाही फिरवला तरी तिची चकाकी भोवतालच्या कागदासारखीच राहते. मूळ निगेटिव्हवर काळ्या शाईने लिहिल्यास प्रत्येक प्रतीवर सही पांढरी उमटते. गडद पार्श्वभूमीवर पांढऱ्या शाईने हाताने सही करण्याचीही रीत होती, त्यामुळे या दोहोंत गल्लत होते.

काळाचा पडताळाही निर्णायक ठरू शकतो. बॉलपेन अमेरिकेत ऑक्टोबर 1945 मध्ये विक्रीस आले. 1942 मध्ये विमान अपघातात मरण पावलेल्या कॅरोल लोम्बार्डची बॉलपेनची सही म्हणूनच संभवत नाही. हम्फ्री बोगार्ट 1957 मध्ये गेला; 1960 नंतर प्रचारात आलेल्या बारीक टोकाच्या फेल्ट पेनाने केलेली त्याची सहीही बनावटच. 1950 च्या दशकापासून छायाचित्राच्या कागदात उजळपणा आणणारी द्रव्ये घालू लागले. अतिनील दिव्याखाली निळसर चमकणारा कागद 1930 च्या छबीचा मूळ कागद नव्हे. प्लॅस्टिकचा लेप असलेला कागद तर त्याहूनही अलीकडचा.

दुर्मिळता आयुष्यमानावर आणि स्वभावावर अवलंबून असते. जेम्स डीन 1955 मध्ये चोविसाव्या वर्षी गेला. ग्रेटा गार्बो दीर्घायुषी होती, पण सही देण्यास नाखूश.

युरोपात पोस्टकार्डाच्या आकाराच्या छबी अधिक रूढ होत्या. बर्लिनच्या रॉस प्रकाशनाची कार्डे सुपरिचित आहेत.

जतनासाठी ऊन टाळणे महत्त्वाचे, कारण टाकाची शाई फिकी पडते. पीव्हीसीच्या पिशव्या घातक. पॉलिएस्टरच्या पिशव्या चालतात. चौकटीत बसविण्यासाठी कडा कापू नयेत. मागील बाजूचा स्टुडिओचा शिक्का, तारीख, पाकीट व त्यावरील टपालमुद्रा हेही पुराव्याचेच भाग आहेत. छायाचित्र विकताना पाकीट वेगळे काढले, तर त्या सहीचा सर्वांत बोलका साक्षीदार गमावला जातो.