नाकारलेले प्रथिन आणि २०१५ ची वादग्रस्त औषध-मान्यता: पार्श्वभूमी

सिस्टिक फायब्रोसिस या फुप्फुसांना ग्रासणाऱ्या आनुवंशिक आजाराचे जनुक १९८९ मध्ये सापडले. त्यातला सर्वाधिक आढळणारा दोष दिसायला किरकोळ होता: १,४८० अमिनो आम्लांच्या प्रथिनात ५०८ व्या जागेवरचे फेनिलअलॅनिन हे एक अमिनो आम्ल नाही, एवढेच. हे प्रथिन पेशीपटलावर क्लोराइडला वाट करून देते, तेव्हा ती वाटच बंद पडली असावी, असे कुणालाही वाटले असते. पुढच्याच वर्षी वेगळे चित्र समोर आले. पटलाकडे जाणाऱ्या प्रथिनाला वाटेतल्या गॉल्जी पिंडात मिळणारी शर्करा मिळालेलीच नव्हती, म्हणजे ते तिथवर पोहोचतच नव्हते. जिथे ते तयार होते, त्या आंतर्द्रव्यजालिकेतच अडकून पडत होते.

प्रथिनाच्या साखळीतच त्याचा पत्ता लिहिलेला असतो, ही कल्पना १९७० च्या दशकातली. तिला १९९९ मध्ये नोबेल मिळाले. पण पत्ता बरोबर असूनही पेशी प्रथिन पुढे पाठवायला नकार देते, याचा अर्थ लागायला १९९० चे दशक उजाडावे लागले. १९९२ मध्ये पेशी शरीराच्या तापमानापेक्षा थंड, २७ अंश सेल्सिअसच्या आसपास वाढवून पाहिल्या, तेव्हा दोषी प्रथिनाचा काही भाग पटलावर पोहोचला आणि क्लोराइडही सोडू लागला. म्हणजे पेशी प्रथिनाची घडी, म्हणजे साखळी दुमडून बनलेला आकार तपासते, त्याचे काम नव्हे. १९९५ मध्ये पुढचा दुवा मिळाला: नाकारलेले प्रथिन जालिकेबाहेर, पेशीद्रवातल्या प्रोटिअसोम या प्रथिने मोडणाऱ्या यंत्रणेकडे जाऊन मोडले जाते. ही तपासणी इतकी कडक असते की अनेक प्रकारच्या पेशींत निर्दोष प्रथिनाचाही मोठा भाग मोडीत निघतो.

मग ते प्रथिन सोडवून पटलावर नेणारे औषध का नसावे? २०१२ मध्ये मान्यता मिळालेले आयवाकाफ्टर पटलावर पोहोचलेल्या वाटेचे दार उघडे ठेवते. ५०८ च्या दोषात दारापर्यंत पोहोचणेच अडते. म्हणून घडी सुधारणाऱ्या लुमाकाफ्टरची त्याला जोड दिली गेली आणि २०१५ मध्ये ही जोडी अमेरिकेत मान्य झाली. वाद सुरू झाला तो इथे.

चाचण्यांत फुप्फुसाची क्षमता प्लासिबोच्या (औषध नसलेल्या दिखाऊ गोळीच्या) तुलनेत २.६ ते ४ टक्के बिंदूंनीच सुधारली होती. ज्या रुग्णांत प्रथिन पटलावर पोहोचते पण दार उघडत नाही, त्यांच्यात एकट्या आयवाकाफ्टरने सुमारे १० बिंदूंची सुधारणा दिली होती. मान्यतेच्या आदल्याच वर्षी प्रयोगशाळांनी इशारा दिला होता की दीर्घकाळ दिलेले आयवाकाफ्टर नुकत्याच सुधारलेल्या प्रथिनाला पुन्हा अस्थिर करते. शिवाय लुमाकाफ्टरमुळे यकृत आयवाकाफ्टरचा निचरा जलद करते. दोन औषधे एकमेकांच्या पायात येत होती, आणि तरी वर्षाची छापील किंमत सुमारे २,५९,००० डॉलर होती. समर्थकांचा मुद्दा मात्र सोडून देण्यासारखा नव्हता: छातीचा आजार अचानक बळावण्याचे प्रसंग ३० ते ३९ टक्क्यांनी घटले होते, आणि अशा प्रत्येक प्रसंगात फुप्फुसाचे कायमचे नुकसान होऊ शकते. मान्यता योग्यच होती. ती किंमत मात्र त्या लाभाला शोभणारी नव्हती. इंग्लंडमध्ये मूल्यमापन करणाऱ्या संस्थेने २०१६ मध्ये शिफारस नाकारली आणि तिथला तिढा ऑक्टोबर २०१९ पर्यंत सुटला नाही. तीन वर्षे रुग्ण आणि त्यांचे पालक वाट पाहत राहिले.

त्याच महिन्यात अमेरिकेत तीन औषधांचे मिश्रण मान्य झाले. त्यात घडी सुधारणारी दोन औषधे होती आणि ती प्रथिनाला वेगवेगळ्या जागी आधार देत होती. जनुकाच्या दोन प्रतींपैकी एकीतच ५०८ चा दोष असलेल्यांतही सुधारणा १४ बिंदूंच्या आसपास गेली. पहिल्या जोडीने दिशा दाखवली नसती, तर इथवर पोहोचायला आणखी वेळ लागला असता.

भारतीय रुग्णांत ५०८ च्या दोषाचे प्रमाण युरोपपेक्षा कमी आढळते. त्यामुळे तिकडच्या नेहमीच्या दोषांपुरती केलेली जनुकीय चाचणी इथे अपुरी पडू शकते. आणि ज्यांच्या पेशींत हे प्रथिन मुळात तयारच होत नाही, त्यांना घडी सुधारणारे कोणतेही औषध लागू पडत नाही.