श्रीस्थानक

श्रीस्थानक : ठाणे शहराचे शिलाहारकालीन नाव. उत्तर कोकणच्या शिलाहार घराण्याची (सु. ८००–१२६५) ही राजधानी, किंवा निदान राजधानींपैकी एक. शिलालेख-ताम्रपटांत ‘स्थानक’ असाही निर्देश येतो. आजच्या शहरात त्या काळाचे दृश्य अवशेष थोडे आहेत. श्रीस्थानक पाहू इच्छिणाऱ्यास अंबरनाथ, घारापुरी, मुंबईतील संग्रहालये आणि परदेशी प्रवाशांचे वृत्तांत असा फेरा करावा लागतो.

राजधानीचा प्रश्न जुना आहे. शिलाहारांच्या लेखांत ‘पुरी’ हे राजधानीचे नाव येते. त्यापूर्वी ऐहोळेच्या शिलालेखात (६३४) चालुक्य राजा दुसऱ्या पुलकेशीने नौदलानिशी जिंकलेली ‘पश्चिम समुद्राची लक्ष्मी’ म्हणून तिचे वर्णन आहे. पुरी म्हणजे नवी मुंबईच्या किनाऱ्यासमोरील घारापुरी, असे एक मत; मुरूड-जंजिऱ्याजवळची राजपुरी, असे दुसरे. घारापुरीचे बेट राजधानीच्या मानाने लहान आहे, हा पहिल्या मतावरील आक्षेप वजनदार आहे. घारापुरीच्या लेण्याच्या प्रवेशाशी एक मोठा शिलालेख होता. पोर्तुगीजांनी तो काढला, येथे कोणालाही वाचता येईना म्हणून पोर्तुगालचा राजा तिसरा झुआंव याच्याकडे पाठवला आणि पुढे तो दगडच नाहीसा झाला, अशी नोंद इतिहासकार दियोगु दु कोतु याने केली आहे. वादाचा निकाल लावू शकणारा पुरावा बहुधा लिस्बनच्या वाटेवर हरवला. अकराव्या शतकापुरते मात्र ठाण्याचे पारडे जड दिसते. भारताचे वर्णन लिहिणारा मुस्लिम विद्वान अल्-बीरूनी (सु. १०३०) कोकणची राजधानी म्हणून समुद्रकाठच्या ‘ताना’चेच नाव देतो.

ठाण्यात सापडलेल्या साधनांत शिलाहार राजा अरिकेसरीचा ताम्रपट (शके ९३९, इ. स. १०१७) महत्त्वाचा. १७८७ मध्ये ठाण्याच्या किल्ल्यात पाया खणताना तो मिळाला आणि त्याचे भाषांतर कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीच्या संशोधनग्रंथमालेच्या पहिल्याच खंडात छापले गेले. हा किल्ला पुढे तुरुंग झाला व आजही आहे. त्यामुळे तेथे उत्खननाचा विषय निघत नाही.

या कालखंडाची मुख्य वास्तू ठाण्यात नसून अंबरनाथला, रेल्वे स्थानकाच्या पूर्वेकडे, वालधुनीच्या काठी आहे. शिवालय काळ्या बेसाल्टचे, पश्चिमाभिमुख व भूमिज शैलीचे (शिखरावर लहान शिखरांच्या रांगा असलेले) आहे. गाभारा सभामंडपापेक्षा बराच खोल असून पायऱ्या उतरून जावे लागते. शिखराचा वरचा भाग नाही. उत्तर दारावरील तुळईच्या आतल्या अंगास असलेल्या लेखात मांवाणिराजाचे (शिलाहार राजा मुम्मुणी) नाव आहे. या लेखाचा शक एकोणिसाव्या शतकातील संशोधक भाऊ दाजी लाड यांनी ७८२ (इ. स. ८६०) असा वाचला, भगवानलाल इंद्रजी यांनी ९८२ (इ. स. १०६०). पहिला आकडा झिजलेला असल्याने केवळ अक्षरवटिकेवर (अक्षरांच्या वळणावर) विसंबता येत नाही. वंशावळ पाहावी लागते. कान्हेरीच्या लेण्यांतील शके ७७५ व ७९९ या लेखांत शिलाहार राजा दुसरा कपर्दी राज्य करीत असल्याचे दिसते. म्हणजे ७८२ हे वर्ष त्याच्या कारकीर्दीत पडते आणि तेथे मांवाणीला जागा उरत नाही. उलट मांवाणीचा भाऊ छित्तराज याचा भांडुप ताम्रपट शके ९४८ चा आणि खुद्द मुम्मुणीचा ठाणे ताम्रपट शके ९७० चा आहे. माळव्यातील उदयपूरचे उदयेश्वर मंदिर, ज्याच्याशी या शिवालयाची शैली जुळते, तेही अकराव्या शतकाच्या उत्तरार्धातले. त्यामुळे ९८२ हेच वाचन आता सर्वमान्य झाले आहे. मांवाणीने देवालय बांधले, पुरे केले की दुरुस्त केले, यावर मात्र मतभेद आहेत. छित्तराजाने आरंभ केला व मांवाणीने पूर्ण केले, हे मत अधिक संभाव्य वाटते. १८६८ मध्ये सरकारने मुंबईच्या कलाशाळेकडून या देवालयाची आरेखने, छायाचित्रे व साचे करवून घेतले. झिजलेल्या शिल्पांचा अभ्यास करणाऱ्यास ती सामग्री प्रत्यक्ष भेटीइतकीच उपयोगी आहे. महाशिवरात्रीच्या गर्दीत शिल्पे नीट पाहता येत नाहीत.

परदेशी उल्लेख सातव्या शतकापासून मिळतात. खलीफा उमरच्या काळात ठाण्यावर आरमारी स्वारी झाली, असे अरबी इतिहासकार अल्-बलाधुरी सांगतो (सु. ६३६). तेराव्या शतकाच्या अखेरीस मार्को पोलोने येथील कातडी, सुती कापड व तपकिरी धूप यांची नोंद केली. राजाने चाच्यांशी हातमिळवणी करून लुटीतले घोडे स्वतःकडे घेतल्याचेही तो लिहितो. १३२१ मध्ये येथे चार फ्रान्सिस्कन धर्मप्रचारक मारले गेले. त्यांच्या अस्थी फ्रान्सिस्कन प्रवासी ओडोरिकने उचलून थेट चीनमधील झैतून बंदरात नेल्या. उलट दिशेचा प्रवासही झाला होता. कोकणच्या शिलाहार राजा अपरादित्याने पाठवलेला दूत तेजःकंठ बाराव्या शतकात काश्मीरच्या विद्वत्सभेत बसल्याचे काश्मिरी कवी मंखाच्या ‘श्रीकंठचरिता’त आहे. बंदराचे नाव शिलाहार राजा अनंतदेवाच्या खारेपाटण ताम्रपटातही (शके १०१६) येते. शूर्पारक (सोपारा), चेमुली (चौल) व नागपूर (विदर्भातील शहर नव्हे) या बंदरांबरोबर स्थानकातही दोन श्रेष्ठींना (व्यापाऱ्यांना) त्याने जकात माफ केली होती.

१२६५ च्या सुमारास यादव महादेवाने शिलाहार राजा सोमेश्वराचा पराभव केला व सोमेश्वर समुद्रात बुडाला. बोरिवलीजवळ एक्सर येथील वीरगळांवरील नाविक लढाई हीच, असे काही मानतात. शैलीवरून ते वीरगळ याआधीचे असावेत. यानंतरची शहराची माहिती तुटक आहे. तलावपाळीजवळच्या कौपीनेश्वराचे सध्याचे मंदिर मराठेशाहीतले आहे.

संग्रहालयांत सोपाऱ्याचा अशोकाचा शिलालेखखंड मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहे. घारापुरीचा दगडी हत्ती १८६४ मध्ये इंग्लंडला नेण्याच्या खटपटीत क्रेन तुटून फुटला. १९१४ मध्ये तुकडे जोडून उभा केलेला तो हत्ती आता भायखळ्याच्या राणीच्या बागेत, अंबरनाथचा शक ७८२ वाचणाऱ्या भाऊ दाजी लाडांचे नाव मिळालेल्या संग्रहालयाच्या आवारात आहे.