कोणतं वर्ष धरायचं? दिएगो पावियाच्या खटल्याची पार्श्वभूमी

अमेरिकेतल्या व्हँडरबिल्ट विद्यापीठाच्या अमेरिकन फुटबॉल संघाचा क्वार्टरबॅक (चेंडू फेकून चढाई चालवणारा खेळाडू) दिएगो पाविया 2025 चा हंगाम खेळला तो कोर्टाच्या हुकमामुळे. त्या हंगामात संघाने काय केलं ते शेवटी येईलच, पण मुळात तो हंगाम त्याला मिळणारच नव्हता.

पावियाच्या वेळच्या नियमाने कॉलेज फुटबॉलमध्ये पाच वर्षांत चार हंगाम खेळता यायचे. एक वर्ष हातचं राखून ठेवायची पद्धत जुनी आहे. 1937 साली नेब्रास्का विद्यापीठाच्या एका खेळाडूने हंगामभर सामने न खेळता नुसता सराव केला, सरावात तो लाल शर्ट घालायचा, आणि त्यावरून ‘रेडशर्ट’ हा शब्द रूढ झाला, असं सांगतात. आपल्याकडे वर्ष वाया गेलं म्हणतात तसं हे नाही. शिक्षण चालू असतं, सराव चालू असतो, फक्त खेळण्याचं वर्ष शिल्लक राहतं. 2018 पासून तर चार सामन्यांपर्यंत खेळूनही रेडशर्ट घेता येऊ लागला.

पावियाला रेडशर्टचा उपयोग नव्हता. त्याचा प्रश्न होता ज्युनिअर कॉलेजचा. हा शब्द मराठी वाचकाला हमखास फसवतो, कारण आपलं ज्युनिअर कॉलेज म्हणजे अकरावी-बारावी. अमेरिकेतलं बारावीनंतरचं असतं, दोन वर्षांचं. ज्यांना मोठ्या विद्यापीठाने घेतलं नाही, ज्यांना फी परवडत नाही, ज्यांचे मार्क कमी पडले, अशी मुलं तिथे जातात. अल्बुकर्कीचा पाविया उंचीने कमी. शाळा संपली तेव्हा मोठ्या विद्यापीठांपैकी कुणी त्याला विचारलं नाही. तो न्यू मेक्सिकोतल्याच रॉझवेलच्या लष्करी शिस्तीच्या ज्युनिअर कॉलेजात गेला आणि 2021 मध्ये त्या संघाने ज्युनिअर कॉलेजांचं राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं.

पुढची दोन वर्षं न्यू मेक्सिको स्टेट विद्यापीठात. नोव्हेंबर 2023 मध्ये या संघाने ऑबर्न विद्यापीठाला त्यांच्याच मैदानावर 31-10 असं हरवलं. 2024 मध्ये तो व्हँडरबिल्टला आला. आदल्या वर्षी बारापैकी दोनच सामने जिंकलेला हा संघ. 5 ऑक्टोबरला त्यांनी देशात अव्वल क्रमांकाच्या अलाबामा विद्यापीठाला 40-35 ने हरवलं. 1984 नंतर अलाबामावर पहिलाच विजय. पोरांनी गोलपोस्ट उपटला, खांद्यावर घेऊन व्हँडरबिल्टच्या नॅशव्हिल शहरातल्या रस्त्यांवरून वाजतगाजत नेला आणि कंबरलँड नदीत टाकला.

आता हिशोब. 2020 चा हंगाम कोविडमुळे कुणाच्याच खात्यात धरला नव्हता. उरले रॉझवेलचा 2021, मग 2022, 2023 आणि 2024. झाले चार, आणि संपली पात्रता. नोव्हेंबर 2024 मध्ये पाविया फेडरल कोर्टात गेला. रॉझवेलचं वर्ष मोजू नका, एवढंच त्याचं म्हणणं होतं. तिथला सामना टीव्हीवर दिसत नाही, आणि 2021 पासून खेळाडूंना स्वतःच्या नावावर कमावता येऊ लागलं तरी तिथे ती कमाई जवळजवळ नाहीच. शिवाय बारावीनंतर एखाद्याने खासगी निवासी शाळेत एक जादा वर्ष काढलं आणि तिथे फुटबॉल खेळला, तर ते वर्ष धरत नाहीत. धर्मप्रसारासाठी किंवा सैन्यात गेलेल्याचं पाच वर्षांचं घड्याळ थांबतं. मग ज्युनिअर कॉलेजवाल्याचंच का चालू राहतं? माझ्या मते हा प्रश्न बिनतोड आहे. ज्याच्याकडे पर्याय सगळ्यात कमी, त्याच्याच खात्यातून वर्ष वळतं करायचं, याला न्याय म्हणता येत नाही.

कॉलेज खेळांचे नियम ठरवणाऱ्या एनसीएए या संस्थेचं उत्तर असं की कुठेतरी रेषा ओढावीच लागते, नाहीतर पंचविशीतले खेळाडू नव्या मुलांच्या जागा अडवतील. मुद्दा अगदीच पोकळ नाही. शाळेतून थेट येणाऱ्या मुलांच्या शिष्यवृत्त्या त्यामुळे खरोखर कमी होऊ शकतात. पण 18 डिसेंबर 2024 रोजी न्यायाधीशांनी पावियाच्या बाजूने अंतरिम हुकूम दिला. हा नियम मक्तेदारीविरोधी कायद्यात बसत नाही असं सिद्ध होण्याची शक्यता त्यांना दिसली. आठवड्याच्या आत संस्थेने अशाच स्थितीतल्या इतर खेळाडूंनाही 2025-26 साठी सवलत दिली. त्यानंतर देशभर खटल्यांची रांग लागली. कुठे मुभा मिळाली, कुठे नाही.

वाढीव हंगामात व्हँडरबिल्टने इतिहासात पहिल्यांदाच दहा सामने जिंकले आणि पाविया वर्षातल्या सर्वोत्तम कॉलेज फुटबॉलपटूला मिळणाऱ्या हाइजमन करंडकाच्या मतदानात दुसरा आला. तोवर, ऑक्टोबर 2025 मध्ये, अपील न्यायालयाने संस्थेचं अपील निकाली काढलं होतं. सवलत देऊन झाली आहे, आता ठरवण्यासारखं काही उरलं नाही, असं त्यांचं म्हणणं. रॉझवेलचं वर्ष धरायचं की नाही, यात ते न्यायालय शिरलंच नाही.