बेडकांच्या प्रजनन पद्धतींची उत्क्रांती

पाण्यात अंडी, अंड्यातून बेडूकमासा, बेडूकमाशाचा बेडूक हे शाळेत शिकवले जाणारे जीवनचक्र पुच्छहीन उभयचरांच्या (बेडूक व भेक) अनेक पद्धतींपैकी केवळ एक आहे. अंडी कुठे घातली जातात, बेडूकमाशाची अवस्था असते की नाही आणि पिलांची काळजी कोण घेते, यांवरून अभ्यासकांनी या गटात सुमारे चाळीस पद्धती मोजल्या. अलीकडच्या वर्गीकरणांत हा आकडा आणखी वाढला आहे. जमिनीवरच्या दुसऱ्या कोणत्याही पृष्ठवंशी गटात इतके वैविध्य नाही.

मूळ पद्धत पाण्यातलीच. मादी अंडी सोडते, तिच्या पाठीवर घट्ट बसलेला नर त्यांवर शुक्राणू सोडतो आणि फलन शरीराबाहेर होते. घराभोवती दिसणारा चामखिळ्या भेक अशी हजारो अंडी चिकट माळांच्या रूपात घालतो. त्यांतली बहुतेक मासे, चतुराच्या अळ्या आणि इतर बेडूकमासे फस्त करतात. पावसाळी डबक्यात मासे नसतात, पण ते आटण्याची भीती असते. अंडी पाण्याबाहेर नेण्याची प्रवृत्ती अनेक कुळांत स्वतंत्रपणे निर्माण झाली, त्यामागे पाण्यातल्या या भक्षकांचा मोठा वाटा मानला जातो.

हा प्रवास समजून घ्यायला सह्याद्रीसारखी जागा नाही. मलबारी उडता बेडूक पाण्यावर ओणवलेल्या फांदीवर फेसाचे घरटे करतो. पिले वाढली की खालच्या पाण्यात पडतात. महाराष्ट्रातल्या घाटांत ओढ्याकाठी राहणारा मुंबई रात बेडूक (निक्टिबॅट्रॅकस हुमायुनी) ओढ्यावरच्या पानांवर व दगडांवर अंडी घालतो. मुंबईचे निसर्गअभ्यासक हुमायून अब्दुलाली यांचे नाव या प्रजातीला दिले आहे. त्याच्या मीलनाचे वर्णन 2016 मध्ये प्रसिद्ध झाले. नर मादीला मिठी मारत नाही. तो तिच्या पाठीवर सैल बसतो, हात पानावर किंवा फांदीवर टेकवतो, तिच्या पाठीवर शुक्राणू सोडतो आणि निघून जातो. त्यानंतर मादी अंडी घालते आणि पाठीवरून ओघळलेले शुक्राणू त्यांचे फलन करतात. बेडकांमध्ये मीलनाची ही तऱ्हा तोवर नोंदलेली नव्हती. या प्रजातीची मादीही साद घालते, ही बेडकांत विरळा गोष्ट आहे. याच कुळातला कर्नाटकातील कुंबार रात बेडूक अंड्यांवर चिखल लिंपतो. कानडीत कुंभाराला कुंबार म्हणतात, त्यावरून हे नाव पडले.

पुढची पायरी झुडूप बेडकांची (राओर्चेस्टिस). त्यांचा बेडूकमासा मोकळ्या पाण्यात कधी पोहतच नाही. सगळी वाढ अंड्याच्या आत होते आणि बाहेर पडतो तो इवलासा, पूर्ण बेडूक. यासाठी अंड्यात भरपूर पीतक (गर्भाला पोसणारा बलक) लागते. त्यामुळे अंडी मोठी होतात आणि संख्येने फार कमी उरतात. दक्षिण घाटातला राओर्चेस्टिस चॅलेझोडिस हा बेडूक तर बांबूच्या पेऱ्यात, बारीक चिरेतून आत शिरून प्रजनन करतो. अंड्यांपाशी नर पहारा देतो. तो नसला तर त्याच जातीचे दुसरे नर अंडी खातात. थोडी अंडी आणि कडक राखण हे गणित इथे स्पष्ट दिसते.

पाण्यातून काठावर, काठावरून जमिनीवर अशी ही शिडी वाटू शकते, पण ती समजूत चुकीची आहे. 720 प्रजातींच्या वंशवृक्षावर आधारलेल्या 2012 च्या अभ्यासात असे दिसले की बेडूकमाशाविना होणारी थेट वाढ मधल्या टप्प्यांतून जितक्या वेळा उदयाला आली, जवळपास तितक्याच वेळा ती सरळ पाण्यातल्या पद्धतीतूनही आली. शिवाय बेडूकमासा हा मागे राहून गेलेला अवशेष नाही. पाण्यात अन्न मिळते, म्हणून आईला प्रत्येक अंड्यात मोठी शिदोरी भरावी लागत नाही आणि अंडी पुष्कळ घालता येतात. या फायद्यामुळेच जुनी पद्धत आजही टिकून आहे.

काही बेडकांनी पिले शरीरातच वाढवली. चिली व अर्जेंटिनातल्या डार्विन बेडकाचा नर ती आपल्या स्वरकोशात (साद घालताना फुगणाऱ्या घशाखालच्या पिशवीत) ठेवतो. पश्चिम आफ्रिकेतल्या निंबा पर्वतावरच्या भेकाची मादी सुमारे नऊ महिने गर्भ वाहते आणि पिले तिच्या अंडवाहिनीतल्या स्रावावर पोसली जातात. इंडोनेशियातल्या सुलावेसी बेटावरचा एक बेडूक थेट बेडूकमाशांनाच जन्म देतो. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडमधील दोन प्रजातींची मादी फलित अंडी गिळून जठरात वाढवत असे. त्या काळात तिचे जठर आम्ल स्रवणे थांबवी. 1980 च्या दशकात दोन्ही प्रजाती नामशेष झाल्या आणि पृष्ठवंशी प्राण्यांतली ही एकमेव पद्धत त्यांच्यासोबत संपली. ही हानी भरून निघणारी नाही.

प्रजननाची जागा जितकी विशेष, तितका अधिवासाचा बदल धोकादायक ठरतो. झुडूप बेडकांना तळे लागत नाही, पण पालापाचोळ्याची सतत ओल लागते. बांबूतल्या बेडकाला चिरा असलेला उभा बांबू लागतो. आंबोली भेकाला जांभ्याच्या सड्यावर (खडकाळ पठारावर) पावसाळ्याच्या सुरुवातीला साचणारी उथळ डबकी लागतात. तो अतिसंकटग्रस्त प्रजातींत मोडतो.