अजिंठ्याला मुक्कामी आलेले चित्रकार

वही-पेन्सिल घेऊन एखादा चित्रकार मराठवाड्यात फिरायला निघाला की वेरूळ, अजिंठा, पैठण हा फेरा ठरलेला असतो. लेण्यांत चित्रं बघायची आणि पैठणला माग बघायचे. ही वाट मळली ती अजिंठ्याला महिनोन्‌महिने राहून गेलेल्या माणसांमुळे.

१८१९ मध्ये शिकारीला निघालेल्या जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याला लेणी दिसली. पुढची पंचवीस वर्षं लोक येत, बघत आणि परत जात. १८४४ साली मद्रासच्या फौजेतल्या रॉबर्ट गिलला या चित्रांच्या नकला करायला नेमलं आणि तो अजिंठा गावातच राहिला. त्याची सोबतीण पारो १८५६ मध्ये गेली. तिची कबर गावात आहे, दगडावर तिचं नाव कोरलेलं आहे. लेणी बघून परस्पर निघून जाणाऱ्यांनी तिथवर जावं असं मला मनापासून वाटतं. गिलने केलेली मोठी तैलचित्रं लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये लावली होती. १८६६ च्या आगीत ती जवळपास सगळी जळाली.

मग १८७२ पासून मुंबईच्या जे. जे. स्कूलचे जॉन ग्रिफिथ्स विद्यार्थ्यांना घेऊन इथे येऊ लागले. पेस्तनजी बोमनजी त्यांतलेच. हे काम १८८५ पर्यंत चाललं आणि त्याच वर्षी लंडनमध्ये पुन्हा आग लागून त्यातल्याही अनेक नकला गेल्या. चित्रं उठून दिसावीत म्हणून भिंतींना वॉर्निश लावलं गेलं, ते पुढे पिवळं पडलं. हे नुकसान मोठं आहे. तरी या मंडळींचं एक ऋण मी मानतो. जातककथांचे, म्हणजे बुद्धाच्या पूर्वजन्मींच्या गोष्टींचे, मोठे प्रसंग सगळेच बघत होते. यांनी छताचे चौकोनही तितक्याच निगुतीने उतरवले. कमळं, हंस, फळं, वेली. कलाशाळेत नक्षीकाम शिकवायचं होतं, म्हणून त्यांचं लक्ष तिकडे गेलं. तीच नक्षी पुढे मुंबईत घडलेल्या मातीच्या भांड्यांवर उतरली.

१९०९ ते १९११ दरम्यान लेडी हेरिंगहॅम या इंग्रज चित्रकार नकला करायला आल्या. त्यांच्यासोबत बंगालहून नंदलाल बोस आणि असितकुमार हलदार होते, हैदराबादहून सय्यद अहमद आणि मुहम्मद फझलुद्दीन. तेव्हा हा मुलूख निजामाचा. १९१४ मध्ये हैदराबाद संस्थानाचं पुरातत्त्व खातं निघालं आणि गुलाम याजदानींच्या देखरेखीखाली लेण्यांची निगा सुरू झाली.

नकला करणाऱ्याला रेघन्‌रेघ बघावी लागते. तशी बघितली की भिंतीवरच्या माणसांच्या अंगावरचं कापड दिसू लागतं: पट्ट्यापट्ट्यांचं, हंसांच्या नक्षीचं. तिथून पैठण दूर राहत नाही. पैठणीवरची कमळं आणि बांगडी-मोर (बांगडीसारख्या गोलात बसवलेले मोर) अजिंठ्यातून आले, असं विणकर सांगतात. मागावर पदर चढलेला असताना जवळ बसून बघावं. एका मोरासाठी रंगागणिक वेगळी तिल्ली, म्हणजे धागा गुंडाळलेली छोटी कांडी, लागते. ताण्याचे उभे धागे मोजून विणकर एकेक तिल्ली सरकवतो आणि दोन रंग भेटतात तिथे त्यांचे धागे एकमेकांत अडकवून मगच पुढे जातो. पदर उलटा केला तर मागेही तोच मोर तितकाच स्वच्छ उमटलेला असतो.