रेमंड स्कॉट: स्वतःच झाकून ठेवलेला प्रणेता

अमेरिकन संगीतकार आणि वाद्यनिर्माता रेमंड स्कॉट याच्यावर त्याच्या मुलाने केलेला माहितीपट कोल्हापुरात दाखवला जाणार आहे. त्याच्या निमंत्रणात ‘जगाने दुर्लक्ष केलेला इलेक्ट्रॉनिक संगीताचा प्रणेता’ असं लिहिलंय. यातल्या ‘प्रणेता’बद्दल वाद नाही. दुर्लक्षाची गोष्ट मात्र इतकी सरळ नाही. रेमंड स्कॉटची सर्वांत महत्त्वाची यंत्रं जगाने नाकारली नव्हती, त्यानेच ती कुणाला बघू दिली नव्हती. हा धागा हातात ठेवून माहितीपट पाहिला तर त्यातली बरीच कटुता उलगडते.

सुरुवातीचा काळ थोडक्यात आटोपतो, कारण त्या काळातला स्कॉट अजिबात विस्मृतीत गेलेला नव्हता. मूळ नाव हॅरी वॉर्नो, जन्म १९०८, ब्रुकलिन. १९३०च्या दशकात त्याचा सहा जणांचा ताफा रेडिओवर गाजला. त्याला तो ‘क्विंटेट’, म्हणजे पाच जणांचा म्हणायचा. त्याची ‘पॉवरहाऊस’ ही धून १९३७ची. १९४३ साली वॉर्नर ब्रदर्सने त्याच्या रचनांचे हक्क घेतले आणि त्यांचे संगीतकार कार्ल स्टॉलिंग यांनी त्या कार्टूनपटांत सढळ हाताने वापरल्या. कारखान्याचा पट्टा सुरू होतो, यंत्रं धडधडतात आणि ससा किंवा बदक त्यात सापडतं, तेव्हा मागे वाजते ती बहुतेक वेळा हीच धून. नव्वदीच्या दशकात केबलवर कार्टून पाहत वाढलेल्या आपल्या पिढीने स्कॉट भरपूर ऐकलाय, फक्त नाव ठाऊक नव्हतं. स्कॉटने मात्र कार्टूनसाठी म्हणून एकही रचना केलेली नव्हती.

खरा विषय सुरू होतो तो १९४६पासून. त्या वर्षी त्याने ‘मॅनहॅटन रिसर्च’ नावाने संगीताची इलेक्ट्रॉनिक यंत्रं बनवण्याचं काम मांडलं. १९४९मध्ये वाद्यवृंद संचालक असलेला थोरला भाऊ मार्क वारला आणि गाजलेल्या गाण्यांच्या एका साप्ताहिक कार्यक्रमाचा वाद्यवृंद स्कॉटकडे आला. १९५७पर्यंत तो टीव्हीवर दर आठवड्याला छडी हलवत होता. ते काम त्याच्या लेखी घरभाडं सुटावं एवढ्यापुरतंच होतं. मिळालेला पैसा जायचा न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवरच्या घराच्या तळघरात, या यंत्रांवर.

या तळघरात पन्नाशीच्या दशकाच्या मध्यावर एक तरुण आपल्या वडिलांबरोबर आला. त्याचं नाव रॉबर्ट मूग, पुढे ज्याच्या नावाने सिंथेसायझर, म्हणजे विजेवर आवाज घडवणारं वाद्य, ओळखला गेला तोच. बापलेक तेव्हा थेरेमिन बनवून विकत होते आणि स्कॉटला त्यातलं सर्किट हवं होतं. थेरेमिन हवेत हात हलवून वाजतं, त्यामुळे त्यावर सूर नेमका पकडणं फार अवघड. स्कॉटने ते सर्किट पियानोसारख्या पट्ट्यांना जोडलं आणि एका सुरावरून दुसऱ्यावर मींड घेता येईल असं वाद्य तयार केलं, ते क्लॅव्हिव्हॉक्स. आपल्या हार्मोनियमला जे कधीच जमलं नाही, ते या पट्ट्यांना जमत होतं. त्याचं पेटंटही त्याने घेतलं.

मूगच्या आठवणीत जास्त घट्ट बसलं ते दुसरं यंत्र. भिंतभर उभे सांगाडे, त्यांत ओळीने लावलेले रिले, म्हणजे विजेने चालू-बंद होणारे स्विच. जुन्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये असायचे तसले एकेक पाऊल पुढे सरकणारे स्विच ठरावीक क्रमाने एकामागून एक आवाज चालू-बंद करायचे. कोणता सूर, किती जोरात, किती वेळ, हे सगळं आधी बांधून ठेवायचं आणि मग यंत्र ती फेरी न थकता वाजवत राहायचं. यंत्र चालू झालं की सगळी खोली टकटकाटाने भरून जायची. आज मोबाइलवरच्या कुठल्याही ॲपमध्ये चौकोन भरून ठेका बांधतात तो सीक्वेन्सर, त्याच्या पूर्वजांपैकी हा एक. कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या एखाद्या जुन्या, मोटारी गुंडाळणाऱ्या वाईंडरला ते सांगाडे दाखवले तर संगीतातलं काही ठाऊक नसतानाही यंत्र कसं चालतं ते तो पाच मिनिटांत सांगेल, इतकं ते उघड्यावरचं काम होतं.

तरीही ते झाकलेलं राहिलं. या सीक्वेन्सरबद्दल बाहेर बोलू नकोस, असं स्कॉटने मूगला सांगून ठेवलं होतं. उतारवयात त्याने स्वतःच मान्य केलं की आपण गुप्ततेच्या बाबतीत अतिरेक करायचो. माहितीपटावरची निम्मी चर्चा या एका निर्णयाभोवती फिरते, आणि ती तशी फिरायलाच हवी.

स्कॉटची बाजू घेणारे म्हणतात, त्याचं पोट जाहिरातींवर होतं. स्पार्क प्लग, थंड पेय, सौंदर्यप्रसाधनं अशा मालाच्या जाहिरातींना तो आवाज द्यायचा. गिऱ्हाईक त्याच्याकडे यायचं ते असा आवाज दुसरीकडे मिळत नाही म्हणून. यंत्राची युक्ती बाहेर पडली की धंदा बसला. पेटंट घ्यायचं तर रचना कागदावर उघडी करावी लागते. शिवाय तो काही कुलूप लावून बसला नव्हता. त्याच्या कंपनीची माहितीपत्रकं होती, बनवलेली उपकरणं तो विकायलाही तयार असायचा.

कोल्हापूरला ही वृत्ती परकी नाही. उस्ताद अल्लादिया खाँ १८९५मध्ये शाहू महाराजांच्या पदरी आले आणि हे गाव जयपूर-अत्रौली गायकीचं माहेर झालं. खास चीज, म्हणजे बंदिश, कुणाला द्यायची आणि कुणापासून राखायची, याचे किस्से इथल्या जुन्या बैठकींत अजून निघतात. पण घराण्याने चीज राखली तरी ती शिष्याला दिली. स्कॉटने शिष्यच केला नाही, आणि माझ्या मते त्याचं सगळ्यात मोठं नुकसान तिथे झालं.

त्याच काळात इतर यंत्रं कुठवर पोहोचली ते पाहा. दुकानात विकत मिळणारं क्लॅव्हायोलिन हे पट्ट्यांचं इलेक्ट्रॉनिक वाद्य मुंबईत आलं आणि १९५४च्या ‘नागिन’मधली बीन त्यावर वाजली. मूगने १९६४मध्ये आपली यंत्रं व्यावसायिकांच्या मेळाव्यात उघडपणे मांडली, १९६८मध्ये त्यावर वाजवलेल्या बाख या जुन्या युरोपीय संगीतकाराच्या रचनांची तबकडी घराघरांत गेली आणि १९६९मध्ये मूग सिंथेसायझर थेट अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत बसवला गेला. अमेरिकेतलं यंत्र आपल्या शेजारच्या राज्यात येऊन तिथल्या तरुणांच्या हाती लागलं, आणि त्याच्या आधीपासून चालू असलेलं स्कॉटचं यंत्र लाँग आयलंड सोडून फारसं कुठे गेलं नाही. याला दुर्लक्ष म्हणणं म्हणजे इतरांच्या मोकळेपणावर अन्याय आहे.

लोकांपर्यंत तो गेला, पण तेही आडवाटेने. साठीच्या दशकात त्याने तान्ह्या बाळांना निजवण्यासाठी तीन तबकड्या काढल्या: पहिले सहा महिने, सहा ते बारा आणि बारा ते अठरा. संथ, पुन्हा पुन्हा फिरणारे इलेक्ट्रॉनिक सूर. तेव्हा त्या खपल्या नाहीत. नंतरच्या श्रोत्यांना त्यांत पुढच्या दशकातलं ‘ॲम्बियंट’, म्हणजे वातावरणात संथपणे भरून राहणारं संगीत आधीच ऐकू आलं.

शेवटचं मोठं यंत्र इलेक्ट्रोनियम, १९५९पासून त्याच्या डोक्यात बसलेलं. याला पियानोच्या पट्ट्याच नाहीत, नुसते स्विच आणि गोल बटणं. माणसाने एखादी कल्पना सुचवायची, यंत्राने त्यावर पुढचे सूर काढून दाखवायचे, पटलं तर पुढे न्यायचं, नाही तर दुसरं मागायचं. रचना आणि वादन एकदमच. १९७०मध्ये मोटाउन या बड्या रेकॉर्ड कंपनीचे संस्थापक बेरी गॉर्डी यंत्र बघायला आले आणि त्यांनी ते मागवलं. पाठोपाठ स्कॉट लॉस एंजेलिसला मोटाउनच्या नोकरीत गेला आणि १९७७पर्यंत तिथेच राहिला. तेवढ्या वर्षांत तो यंत्र सुधारतच बसला. त्यातून निघालेलं संगीत लोकांच्या कानावर जवळजवळ आलंच नाही. कंपनीने त्याला बाजूला टाकलं असं काही जण म्हणतात. जो माणूस यंत्र ‘झालं’ असं कधी म्हणतच नाही, त्याच्याकडून कंपनीने गाणं तरी कसं काढून घ्यायचं, हाही प्रश्न विचारायला हवा.

१९८७च्या पक्षाघाताने त्याचं काम थांबलं आणि बोलणंही गेलं. त्याच्या नावाचं पुनरुज्जीवन झालं ते त्यानंतर, आणि ते इतरांनी केलं. १९९२मध्ये जुन्या ध्वनिमुद्रणांचा संग्रह निघाला. १९९४मध्ये तो वारला. २०००मध्ये ‘मॅनहॅटन रिसर्च’च्या काळातले जाहिरातींचे आणि प्रयोगांचे तुकडे दोन सीडींवर आले आणि नव्या पिढीच्या इलेक्ट्रॉनिक संगीतकारांनी ते डोक्यावर घेतले. त्याच्या टेपांचा साठा आता मिसुरी विद्यापीठाच्या कॅन्सस सिटीतल्या ध्वनिसंग्रहालयात आहे.

मुलाचा माहितीपट २०१०चा, म्हणजे या सगळ्यानंतरचा. मुलगा स्वतः चित्रपट संकलक, १९७०च्या ‘वुडस्टॉक’ माहितीपटाच्या संकलकांपैकी एक. आईवडिलांचा घटस्फोट झाला तेव्हा तो लहान होता. वडील त्याला भेटले ते बव्हंशी कामातून सवड मिळाली तर. त्यामुळे यात आरती ओवाळणं नाही. वडिलांशी वागणं किती कठीण होतं, हे घरच्यांच्या तोंडून त्याने येऊ दिलंय. बाहेरच्या चरित्रकाराने यंत्रांची यादी केली असती. मुलाला मात्र हेही विचारावं लागलं की बापाने वाद्यवृंदातल्या माणसांपेक्षा यंत्रं का पसंत केली. इतरांपासून यंत्र झाकणारा माणूस घरच्यांपासूनही बरंच काही झाकून होता, हे त्यात दिसतं. ही बाजू काहींना अनावश्यक वाटली. मला ती माहितीपटातली सर्वांत कामाची बाजू वाटते.

कोल्हापुरात हे बोलताना बाबूराव पेंटरांची आठवण निघणारच. चित्रकार, शिल्पकार, स्वतः कॅमेरा बनवून १९२०मध्ये ‘सैरंध्री’ काढणारा माणूस. कलावंत आणि मिस्त्री एकाच अंगात. पण त्यांच्या कंपनीत शिकलेले दामले, फत्तेलाल, शांताराम १९२९मध्ये बाहेर पडले आणि ‘प्रभात’ उभी राहिली. मघाशी शिष्याबद्दल म्हटलं ते याच अर्थाने.

इलेक्ट्रोनियम पुढे ‘डेव्हो’ या बँडचे मार्क मदर्सबॉ यांच्याकडे गेलं, तेव्हा ते बंद होतं. २०१९मध्ये लंडनच्या बार्बिकन कलाकेंद्रातल्या कृत्रिम बुद्धिमत्तेवरच्या प्रदर्शनात जपानी कलावंत युरी सुझुकी यांनी त्याची संगणकीय आवृत्ती मांडली. तेव्हापासून स्कॉटला ‘एआय संगीताचा जनक’ म्हणायची टूम निघालीय. ती ताणलेली आहे. आजच्या प्रणाली हजारो लोकांच्या गाण्यांवर पोसून तयार होतात. स्कॉटच्या यंत्रात दुसऱ्या कुणाचं गाणं नव्हतं. त्यात होती त्याने स्वतः जुळवलेली सर्किटं, आणि ती चालवायला समोर एक माणूस बसावा लागायचा.