फिश टँकचा स्टँड: रंग नेमका कुठे लावायचा?

दोन पावसाळे काढलेला, घरीच केलेला पाइनवुडचा स्टँड मध्यंतरी उलटा करून पाहिला. पुढून तो अजून नवाच दिसत होता, पांढराशुभ्र ऑइल पेंट, कुठे ओरखडा नाही. पण चारही पायांचा तळ काळा पडला होता आणि नखानं टोकरलं तर भुसा निघत होता. दार फुगून चौकटीला घासत होतं. आतल्या प्लायच्या कडेचे थर भिजलेल्या वहीच्या पानांसारखे सुटले होते. जिथे पाहुण्यांची नजर जाते तिथे मी रंगाचे तीन हात मारले होते. जिथे पाणी जातं तिथे एकही नव्हता.

हा प्रश्न दिसण्यापुरता नाही. तीन फूट लांब, एक फूट रुंद, दीड फूट उंच टाकीत काठोकाठ १२७ लिटर पाणी मावतं, म्हणजे १२७ किलो. ८ मिलिमीटरच्या काचेचं वजन साधारण २८ किलो. वाळू, दगड, झाकण धरलं तर स्टँडवर पावणेदोनशे किलो रात्रंदिवस उभे असतात. कोरडं लाकूड हे वजन सहज पेलतं. मात्र तेच लाकूड पूर्ण ओलावलं की दाब सोसण्याची त्याची ताकद जवळपास निम्म्यावर येते.

लाकूड कापलं, रंधलं, खिळे ठोकले तरी हवेशी त्याची देवाणघेवाण थांबत नाही. पेशींच्या भिंतींतल्या सेल्युलोजला पाण्याचे रेणू चिकटतात आणि हवा कोरडी झाली की सुटतात. हवेतली आर्द्रता ३० टक्के असेल तर लाकडात वजनाच्या ६ टक्क्यांच्या आसपास पाणी राहतं, ९० टक्के असेल तर २० टक्क्यांच्या आसपास. कोकणात जुलैमध्ये हवा कशी असते हे वेगळं सांगायला नको, आणि टाकीखालचं बंद कपाट तर त्याहून दमट. २० टक्क्यांच्या वर ओलावा टिकून राहिला की लाकूड कुजवणाऱ्या बुरशीला वाव मिळतो.

पाणी शिरलं की पेशींच्या भिंती जाड होतात. फळी रुंदीत फुगते, लांबीत जवळजवळ नाही. तीस सेंटिमीटर रुंदीच्या पाइनच्या फळीतला ओलावा १० टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर गेला तर ती चार-पाच मिलिमीटर रुंद होऊ शकते. दार घासायला एवढं पुरेसं आहे.

मग रंग काय करतो? तो वाफ पूर्ण अडवत नाही, कुठलाच रंग अडवत नाही. तो तिची वाट लांबवतो, आत-बाहेर जाण्याचा वेग कमी करतो. म्हणूनच एकाच बाजूला लावलेला रंग कधी कधी घात करतो. बाहेरची बाजू संथपणे ओलावते, आतली भराभर, आणि फळी वाकते. दाराच्या मागच्या बाजूला पुढच्याइतकेच हात हवेत, मग तिथे कुणी पाहो न पाहो.

सगळ्यात तहानलेली असतात ती लाकडाची कापलेली टोकं. पाइनमध्ये तीन-चार मिलिमीटर लांबीच्या, केसाहूनही बारीक पोकळ पेशी एकापुढे एक रचलेल्या असतात. झाडात त्या पाणी वर नेत होत्या, स्टँडच्या पायातही नेतात. उरलेल्या लाकडाचे दोन तुकडे मी शाई घातलेल्या पाण्याच्या बशीत उभे केले, एक कोरा, एक तळाला रंगवलेला. सकाळी कोऱ्या तुकड्यात निळी रेघ बशीतल्या पाण्याच्या बरीच वर चढलेली होती, रंगवलेल्यात ती पाण्याच्या पातळीशीच थांबली होती. लादी पुसताना रोज पायाशी साचणारं पाणी असंच वर चढतं.

म्हणून काम टोकांपासून सुरू करायचं. पहिला हात थिनर घालून पातळ करायचा, म्हणजे तो नळ्यांत खोल उतरतो. टोक रंग पीत राहतं, म्हणून ते प्यायचं थांबेपर्यंत द्यायचा. मग पायांना रबरी बुश. प्लायच्या कडांनाही तोच न्याय. ‘मरीन’ प्लायला भारतीय मानक ७१० नुसार ७२ तास उकळत्या पाण्यात टिकावं लागतं खरं, पण त्या उकळण्यात कसोटी लागते ती थर जोडणाऱ्या गोंदाची. कडेची उघडी लाकडी टोकं मरीन प्लायमध्येही पाणी पितात.

पाइनच्या गाठी हा वेगळाच त्रास. त्यातला चीक काही महिन्यांनी पांढऱ्या रंगातून पिवळा होऊन वर येतो. यावर जुना आणि उत्तम उपाय म्हणजे लाख. पळस, बोर, कुसुमच्या फांद्यांवरचे लाखेचे किडे जी राळ पाझरतात तिचा चपडा (वितळवून, गाळून केलेल्या पातळ पापड्या) स्पिरिटमध्ये विरघळवून गाठीवर लावला की चीक त्यापलीकडे येत नाही. मात्र वरचा शेवटचा हात चपड्याचा नको. पाणी सांडून राहिलं की त्यावर पांढरा डाग उमटतो.

पावसाळ्यात स्पिरिट किंवा थिनरवालं पॉलिश मारलं तर अख्खा पृष्ठभागच दुधट होतो. माठ गार होतो त्याच कारणानं हे घडतं. द्रावक उडून जाताना पृष्ठभागाची उष्णता नेतो, तो थंडावतो आणि दमट हवेतली वाफ ओल्या थरावर पाणी होऊन बसते. कोरडा दिवस मिळेपर्यंत थांबलेलं बरं.

आता वाळण्याबद्दल, कारण सगळ्यात जास्त घाई इथेच होते. ऑइल पेंटमधला द्रावक काही तासांत उडतो आणि हाताला रंग लागेनासा होतो. खरं काम त्यानंतर सुरू होतं. रंगातल्या तेलाचे रेणू हवेतला ऑक्सिजन घेऊन एकमेकांत गुंफत जातात, आणि याला तीन-चार आठवडेही लागतात. जाड हात मारला तर वर साय धरते, ऑक्सिजन खाली पोचत नाही आणि आतला थर मऊच राहतो. त्यावर टाकी ठेवली की वजनाखाली रंग काचेला चिकटतो. भार समान पसरावा म्हणून टाकीखाली आपण थर्माकोल घालतो, मऊ थरात अडकलेल्या थिनरनं त्याचीही गत वाईट होते. एका तुकड्यावर थिनरचा थेंब टाकून पाहा, डोळ्यांदेखत खड्डा पडतो.

लाकूड टिकावं म्हणून तांब्याची औषधं दिलेलं लाकूडही मिळतं. तांबं, क्रोमियम आणि आर्सेनिकचं असं एक गाजलेलं मिश्रण १९३३ साली सोंटी कामेशम या भारतीय शास्त्रज्ञानं शोधलं. बुरशीला मारणारं तांबं माशांना आणि त्याहून जास्त कोळंबीला घातक आहे. टाकीतलं पाणी जिथून ठिबकून परत पाण्यात जाईल, अशा जागी हे लाकूड मी वापरणार नाही.

नवा स्टँड केला, त्याला रंग लावून आता चोवीस दिवस झालेत. नखानं दाबलं तर खूण उमटत नाही. तरी काल रात्री दार बंद ठेवून सकाळी उघडलं तेव्हा आत थिनरचा पुसट वास आला. एअर पंप याच कपाटात बसायचाय, आणि तो आजूबाजूची हवा ओढून थेट पाण्यात सोडतो. त्यामुळे दार सताड उघडं ठेवलंय, आणि मासे अजून जुन्या टाकीतच, दुसऱ्या खोलीत आहेत.